विहीर, हातपंप आणि बोअरच्या पाण्याचा नमुना कसा घ्यायचा: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रकल्प असो, एखाद्या संस्थेचं गावपातळीवरचं सर्वेक्षण असो किंवा ग्रामपंचायतीने अंगावर टाकलेलं काम असो, भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास सुरू होतो तो बाटलीपासून. प्रयोगशाळेचे आकडे दशांशचिन्हानंतर दोन अंकांपर्यंत येतात, म्हणून ते पक्के वाटतात. पण शिळं पाणी भरलं, चुकीचं आम्ल घातलं किंवा बाटली दोन दिवस गाडीच्या डिकीत पडून राहिली, तर लाखो रुपयांचं यंत्रही तुमच्या चुकीचंच अचूक मोजमाप करून देतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत विहिरीवरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग घटक

‘सगळंच तपासून टाकू’ हा सर्वात महागडा निर्णय. प्रत्येक घटकाची बाटली वेगळी, जपणूक वेगळी आणि मुदतही वेगळी असते.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टवर (काळ्या कातळावर) बसला आहे. तिथल्या गावात पहिला संशय नायट्रेटचा आणि जंतूंचा धरा. कारणं साधी आहेत: शोषखड्डे, गोठे, उकिरडे आणि शेतातलं नत्रखत. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार, सोडियम आणि क्लोराइड पाहायलाच हवेत. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडमधल्या किनवट भागात फ्लोराइड वगळून चालणार नाही. एमआयडीसीच्या खालच्या अंगाच्या विहिरींसाठी जड धातू. कीटकनाशकांची चाचणी खर्चिक आणि नमुना घेणंही नाजूक, त्यामुळे ठोस कारण असेल तरच तिच्या वाटेला जा.

हंगामही आत्ताच ठरवून टाका. पावसाळ्यापूर्वी मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ही जोडी सोयीची, कारण शासकीय निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ती ताडून पाहता येते. एका गावाचा मे महिन्यातला नमुना आणि दुसऱ्याचा ऑगस्टमधला घेऊन ‘या गावात नायट्रेट जास्त’ असं लिहिलंत, तर तुम्ही गावांची नाही, ऋतूंची तुलना केलेली असते.

## २. बाटली उचलण्याआधी प्रयोगशाळेला फोन

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा, जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा, विद्यापीठं आणि खासगी प्रयोगशाळा असे पर्याय असतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते, म्हणून तुमचा घटक त्या यादीत आहे का ते बघा. फोनवर एवढं विचारून घ्या:

- कोणत्या घटकाला किती पाणी, कसली बाटली. ते बाटल्या देतात का
- बाटलीत आधीच काही घातलेलं असतं का
- त्यांच्या पद्धतीने किमान किती पातळी मोजता येते (शिशाची मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लिटर असताना ०.०५ पर्यंतच मोजणारी प्रयोगशाळा तुमच्या कामाची नाही)
- जंतूंचे नमुने कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत स्वीकारतात
- नायट्रेटचा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. नववी पायरी वाचल्यावर वाटणार नाही.

## ३. सामान आणि कागदपत्रं

सामान:

- पीएच आणि ईसी (विद्युतवाहकता) मीटर, जादा सेल. मीटर जुळवायला पीएच ४, ७ आणि ९.२ ची बफर द्रावणं. १४१३ मायक्रोसीमेन्सचं ईसी द्रावण
- थर्मामीटर, पाण्याची पातळी मोजायची टेप, २० लिटरची बादली, घड्याळ
- दुहेरी झाकणाच्या नव्या प्लास्टिक बाटल्या, निर्जंतुक बाटल्या
- ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर आणि सिरिंज (धातू तपासायचे असतील तर)
- नायट्रिक आम्ल, ड्रॉपर, पीएच पट्ट्या, हातमोजे, चष्मा
- डिस्टिल्ड वॉटर, स्पिरिट, कापूस, लायटर
- बर्फाची पेटी, जेल पॅक, झिपच्या पिशव्या
- पेन्सिल, पक्क्या शाईचा मार्कर, चिकटपट्टी

कागदपत्रं: संस्थेचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र, ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच, विहीरमालकाची संमती, जागेवर भरायचा नोंदतक्ता आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची सहीनिशी नोंद ठेवणारा फॉर्म. पाण्याचा विषय वादाचा असेल, म्हणजे कारखाना, खाणपट्टा किंवा कचरा डेपो जवळ असेल, तर हा शेवटचा फॉर्म नसल्यास अहवालाला कोणी विचारत नाही.

मिनरल वॉटरची रिकामी बाटली अडीअडचणीला क्षारांसाठी चालवून घेतात. कोल्ड्रिंकची बाटली कशालाच चालत नाही. धातूंच्या बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून नंतर डिस्टिल्ड वॉटरने विसळलेल्या हव्यात.

## ४. विहिरीवर पोचल्यावर मोटार लगेच सुरू करू नका

आधी पाण्याची पातळी. उपसा सुरू झाला की स्थिर पातळी गेली, आणि ती परत यायला कित्येक तास लागतात. मोटार शेवटची कधी बंद केली ते मालकाला विचारा आणि लिहून ठेवा. मोजमाप कठड्यावरून करत असाल तर कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. दर वेळी कठड्याच्या त्याच बिंदूवरून मोजा. तिथे रंगाची खूण केलीत तर पुढच्या माणसालाही सोपं जातं.

मग आजूबाजूला एक फेरी मारा. शौचालयाचा शोषखड्डा किती मीटरवर, गोठा आणि उकिरडा कोणत्या अंगाला, धुण्याचं पाणी कुठे मुरतं, विहिरीला आडवे बोअर मारले आहेत का, बोअरचं केसिंग (तोंडाशी बसवलेला पाईप) जमिनीच्या वर आहे की पावसाचं पाणी सरळ आत उतरतं. जीपीएसचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या आणि फोटो काढा. पिण्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं हे जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी शुद्धीकरण पाहणाऱ्या माणसाला विचारा. आदल्या संध्याकाळी टीसीएल पडलेल्या विहिरीतून जंतूंचा नमुना घेतला तर तो स्वच्छच येणार. त्यावरून टीसीएल कामाचं आहे एवढंच कळतं, विहिरीबद्दल काही कळत नाही.

आणि निघण्याआधीच विचारून ठेवायची गोष्ट म्हणजे शेतीपंपाची लाईट. या आठवड्यात पाळी रात्रीची असेल तर दुपारी बारा वाजता तुम्ही बोअरपाशी नुसते उभे राहाल.

## ५. शिळं पाणी बाहेर काढा

बोअरच्या नळीत थांबलेलं पाणी म्हणजे खडकातलं पाणी नव्हे. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडालेला असतो, केसिंगचं लोखंड उतरलेलं असतं, तापमान बदललेलं असतं. रूढ नियम असा, की बोअरमध्ये उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसायचं. एक मीटर उंचीच्या पाण्याचा हिशेब साधारण असा: साडेचार इंची बोअरला १०.४ लिटर, सहा इंचीला १७.७ लिटर, साडेसहा इंचीला २१.४ लिटर.

समजा साडेसहा इंची बोअर ६० मीटर खोल आहे आणि पाणी २० मीटरवर लागतं. पाण्याचा खांब ४० मीटर, म्हणजे ४० × २१.४ = ८५६ लिटर; तिप्पट म्हणजे २,५६८ लिटर. २० लिटरची बादली २० सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला ६० लिटर, आणि एकूण उपसा सुमारे ४३ मिनिटांचा.

मे महिन्यात अडीच हजार लिटर पाणी ओढ्यात सोडलेलं कुठल्याही गावाला रुचणार नाही, आणि रुचूही नये. आधीच सांगून पाईप पिकात, हौदात किंवा जनावरांच्या कुंडीत वळवा. रोज चालणाऱ्या बोअरला एवढी गरजही नसते. १०–१५ मिनिटं उपसून मीटरवर लक्ष ठेवा. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या लागोपाठच्या तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, ईसी ३ टक्क्यांच्या आत आणि तापमान ०.२ अंशाच्या आत राहिलं की पाणी ताजं आहे असं समजा. बेसाल्टमध्ये पाणी एखाद-दुसऱ्या भेगेतूनच येतं, त्यामुळे बोअर तिप्पट उपशाआधीच कोरडी पडू शकते. तसं झालं तर पाणी पुन्हा चढू द्या, त्या नव्या पाण्याचा नमुना घ्या आणि तक्त्यात तसं स्पष्ट लिहा.

हातपंपाचा उपसा दांड्याच्या झटक्यांवर मोजता येतो. इंडिया मार्क २ हा पंप मिनिटाला ४० झटक्यांत साधारण १२ लिटर पाणी देतो. (या पंपाचं मूळ सोलापूरच्या हातपंपात आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.) गावाचा वापर सकाळी होऊन गेला असेल तर दहा मिनिटं हापसणं बहुधा पुरतं, बंद पडून असलेल्या पंपाला मात्र वरचाच हिशेब लावा.

उघड्या विहिरीत पृष्ठभागावरचं पाणी घेऊ नका. शेवाळ, धूळ, पानं सगळं तिथेच असतं. पृष्ठभागाच्या साधारण ३० सेंटिमीटर खालून, कठड्यापासून दूर घ्या. भूजलाच्या अभ्यासासाठी त्याहून चांगलं म्हणजे मोटार चालू असताना डिलिव्हरी पाईपच्या तोंडाशी घ्या. गच्चीवरच्या टाकीचा नळ हा बोअरचा नमुना नव्हे.

## ६. मीटर तिथेच वापरा

पीएच, ईसी आणि तापमान विहिरीवरच मोजायचं. भूजल उघड्यावर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पीएच चढतो. संध्याकाळी घरी मोजलेला पीएच हा तुमच्या घरचा पीएच असतो. मीटर रोज सकाळी बफरने जुळवा. वापरलेलं बफर परत बाटलीत ओतू नका, त्याने अख्खी बाटली वाया जाते.

खिशातल्या टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरबद्दल एक गैरसमज पसरला आहे. ते क्षार मोजत नाही. ते विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या कुठल्या तरी ठरलेल्या अंकाने गुणतं. दोन कंपन्यांचे मीटर एकाच कळशीतल्या पाण्याला वेगळा टीडीएस दाखवतात तो म्हणूनच. तक्त्यात ईसी लिहा. आणि टीडीएस कमी म्हणजे पाणी पिण्याजोगं, असंही नाही: फ्लोराइड १.५ मिग्रॅ/लिटरच्या वर असलेल्या पाण्याचा टीडीएस ४०० असू शकतो.

## ७. बाटल्या भरण्याचा क्रम

सर्वात आधी जंतूंची बाटली, मग क्षारांची, शेवटी धातूंची. हातमोजे घाला, आम्ल हाताळताना चष्माही.

जंतूंसाठी: धातूचा नळ असेल तर जाळी काढा, स्पिरिटने पुसा, ज्योतीने तापवा आणि एक-दोन मिनिटं पाणी जाऊ द्या. प्लास्टिकचा नळ स्पिरिटने पुसला तरी पुरे. निर्जंतुक बाटली विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही. वर साधारण अडीच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, कारण तपासणीआधी नमुना हलवावा लागतो. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारतच राहतो. विहिरीतून गावच्या पोहऱ्याने पाणी काढून बाटली भरलीत तर तुम्ही पोहरा तपासलात. वजन बांधलेली निर्जंतुक बाटलीच खाली सोडा.

क्षार, नायट्रेट, फ्लोराइडसाठी: बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. फ्लोराइडला काचेची बाटली नको. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून ४८ तासांत तपासला गेला पाहिजे. जास्त वेळ लागणार असेल तर वेगळ्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. त्या बाटलीतून सल्फेट मोजायचं नाही हे ओघानंच आलं.

धातूंसाठी: आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग नायट्रिक आम्ल घाला आणि पट्टीने पीएच २ च्या खाली गेल्याची खात्री करा. लिटरला दीड-दोन मिलिलिटर तीव्र आम्ल बहुधा पुरतं. अल्कली जास्त असलेल्या पाण्याला थोडं अधिक लागतं. क्रम उलटा झाला की गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवरचं लोह आणि ॲल्युमिनियम आम्लात उतरतं आणि अहवालात भलतेच आकडे दिसतात. आम्ल घातलंच नाही तर याच्या उलट: पंपातून नितळ आलेलं पाणी तासाभरात तांबूस होतं, लोह तळाशी बसतं आणि सोबत इतर धातूंनाही खाली ओढतं.

इथली सर्वात घातक अदलाबदल म्हणजे नायट्रेटच्या बाटलीत नायट्रिक आम्ल. तुम्ही स्वतःच नायट्रेट ओतलेलं असतं.

प्रयोगशाळेने आम्ल घालूनच दिलेली बाटली विसळू नका. कीटकनाशकांची गडद काचेची बाटलीही नमुन्याने विसळायची नसते, कारण ही द्रव्यं काचेला चिकटतात आणि विसळण्याने त्यांचं प्रमाण फुगतं.

दर दहा नमुन्यांमागे एका ठिकाणी दोन जोड बाटल्या भरा आणि दोघींना वेगळे क्रमांक द्या. दिवसातून एकदा डिस्टिल्ड वॉटर विहिरीवरच बाटलीत ओतून, तेच फिल्टर आणि तेच आम्ल वापरून कोरा नमुना तयार करा. त्यात जस्त सापडलं तर ते हातमोज्यातून, फिल्टरमधून किंवा आम्लातून आलेलं आहे. पैसे वाचवायला नवखे लोक नेमके हेच नमुने आधी वगळतात; त्याऐवजी दोन विहिरी कमी करा.

लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. क्रमांक, तारीख, वेळ, गाळलेलं की न गाळलेलं, कोणतं आम्ल एवढं लिहून वरून चिकटपट्टी मारा.

## ८. बर्फ, गाडी आणि वार

बर्फ सुटा टाकलात तर वितळलेल्या पाण्यात बाटल्या पोहतात, लेबलं निघतात आणि झाकण सैल असेल तर ते पाणी आत जातं. जेल पॅक वापरा किंवा बर्फ पिशवीत बांधा, बाटल्याही झिपच्या पिशवीत ठेवा. नमुना गोठवू मात्र नका.

जंतूंचा नमुना शक्यतो सहा-आठ तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोचला पाहिजे. म्हणून सोमवार ते बुधवार नमुने घ्या. शनिवारी दुपारी भरलेल्या बाटलीसाठी रविवारी दार कोणी उघडत नाही. गाव फारच आडवळणाला असेल तर आधी एच-टू-एस बाटलीने (आत रसायन असलेली, जंतूंच्या ढोबळ चाचणीची बाटली) चाळणी लावा: पाणी भरून २४ ते ४८ तास उबदार ठेवल्यावर ते काळं पडलं की मलदूषणाचा दाट संशय, आणि मग त्याच विहिरीचा रीतसर नमुना न्या.

## ९. अहवाल आल्यावर आधी ताळा

पाण्यात धनभारित आणि ऋणभारित आयन (विद्युतभार असलेले कण) समतुल्य असतात. प्रत्येक मिग्रॅ/लिटर आकड्याला त्याच्या समतुल्य वजनाने भागा: कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८.०३, नायट्रेट ६२.

नमुन्यादाखल एक हिशेब. कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ६९, पोटॅशियम ४: बेरीज ३.९९ + २.९६ + ३.०० + ०.१० = १०.०५. बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड १०६.५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२: बेरीज ५ + ३ + १ + १ = १०. फरक ०.०५, भागिले एकूण २०.०५, म्हणजे पाव टक्का. पाच टक्क्यांच्या आत असेल तर अहवाल स्वीकारा. दहाच्या वर गेला तर प्रयोगशाळेला फोन. शिवाय धन आयनांच्या बेरजेला १०० ने गुणलं की ढोबळमानाने ईसी यायला हवी. इथे ती १,००० च्या आसपास. तुमच्या तक्त्यात विहिरीवरची नोंद १,७०० असेल तर बाटल्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या.

आता तो नायट्रेटचा प्रश्न. समजा प्रयोगशाळेने याच पाण्यासाठी ‘१४’ छापलं, पण ते नायट्रोजन म्हणून. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा नायट्रेट म्हणून ४५ मिग्रॅ/लिटर आहे. कोणीही म्हणेल, १४ म्हणजे पाणी उत्तम. प्रत्यक्षात १४ × ४.४३ = ६२, मर्यादेच्या बरंच वर. आणि ताळ्यातही ही चूक सापडत नाही: १४ ला ६२ ने भागलं तर ०.२३ येतं, ऋण बेरीज ९.२३ होते, फरक ४.३ टक्के, म्हणजे ‘पाचच्या आत’. म्हणून एककाचा रकाना वाचल्याशिवाय आकडा वाचू नका.

तसंच अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) आणि काठिण्य कॅल्शियम कार्बोनेट म्हणून छापलेलं असतं. नेहमीच्या पीएचच्या पाण्यात अल्कलिनिटीला १.२२ ने गुणल्यावर बायकार्बोनेट मिळतं, कॅल्शियम काठिण्याला २.५ ने भागल्यावर कॅल्शियम. ताळा न जुळण्याची कारणं शोधताना आधी इथे बघा.

मर्यादा वाचताना आयएस १०५०० मधले दोन रकाने लक्षात ठेवा (आकडे मिग्रॅ/लिटरमध्ये). क्षारांना ५०० ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० ही सहनीय मर्यादा, फ्लोराइडला १.० आणि १.५, क्लोराइडला २५० आणि १,०००. नायट्रेटला अशी सूट नाही. ई. कोलाय हा मलदूषण दाखवणारा जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही आढळता कामा नये.

## १०. विहीरमालकाला अहवाल द्या

त्यांच्या भाषेत, एका पानावर. नायट्रेट जास्त असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाचं वरचं दूध त्या पाण्यात बनवू नये हे पहिल्याच ओळीत लिहा, आणि पाणी उकळून नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं वाढतंच, हे दुसऱ्या ओळीत. पिण्याचा सार्वजनिक स्रोत असेल तर एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, पोच घ्या. एकाच नमुन्यावरून विहीर बंद करायला सांगू नका. महिन्याभरात दुसरा नमुना घ्या, तोही त्याच जागेवरून आणि त्याच उपशाने. उरलेला नमुना किती दिवस जपून ठेवतात हे प्रयोगशाळेला विचारून ठेवा. शंकास्पद आकडा त्या मुदतीत पुन्हा तपासून मिळतो. मुदत टळली की पुन्हा गावची वाट, पुन्हा लाईटची पाळी.